दात त्यांचे, मान आमची



रक्त पिणाऱ्या सरदारावर जीव टाकायचा, ही चाल आता मराठीतही आली आहे. मोबाइलवर हप्त्याहप्त्यानं वाचायच्या कादंबऱ्या असतात, त्यातला हा खपाऊ माल. मसाला ठरलेला. जुना वाडा. वाड्यात दोनशे वर्षं न मेलेला देखणा मालक. गोरापान, उदास, कुणाशी फारसं न बोलणारा. पुण्या-मुंबईहून एक पोरगी येते. पाऊस लागतो, दिवे जातात, तिच्या मानेवरची निळी शीर दिसते आणि मालकाला तहान लागते. त्या तहानेला लेखक प्रेम म्हणतो. पोरगीही म्हणते. वाचणारेही म्हणतात.

इंग्रजीत ह्या मालाचं फार मोठं दुकान आहे. गॉथिक, ऐतिहासिक, व्हँपायर, रोमान्स. एका बाटलीला चार लेबलं. आपल्याकडं बाटली तीच आली, फक्त कॅसलच्या जागी वाडा आणि काउंटच्या जागी सरदार.

माझा प्रश्न साधा आहे. हा बाबा दोनशे वर्षं जगला तो कुणाच्या रक्तावर? रोज एक माणूस धरा. ७३,००० होतात. बरं, एवढा खादाड नसेल, आठवड्याला एक धरा. तरी १०,४००. ह्यातल्या किती माणसांची नावं कादंबरीत सापडतात? दोन. एक त्याची मेलेली पहिली बायको, जी हुबेहूब ह्या पोरीसारखी दिसायची. आणि दुसरी ही पोरगी. बाकीच्यांचं काय झालं, ते कुणाचे कोण होते, त्यांच्या घरी त्या रात्री चूल पेटली का, ह्याचा पत्ता नाही.

माझी भाची बारावीला आहे. मालवणीत राहते. असलीच एक कादंबरी वाचत बसली होती. मी म्हटलं, "काय गं, हा माणसांचं रक्त पितो आणि तुला आवडतो?"

"मामा, तो वाईट नाहीये. त्याला शाप आहे."

"आणि ज्यांचं प्यायला त्यांचं काय?"

"ते काय... गावातली माणसं असतात."

गावातली माणसं! पोरी, तुझा पणजा गावातला माणूस होता. गावातला कसला, गावकुसाबाहेरचा. रात्रभर वेशीवर जागायचा, सकाळी दारोदार भाकर मागायचा, सरकारी टपाल घेऊन पायी पळायचा, मेलेलं ढोर ओढायचा, आणि एवढं करून त्याची सावली चालायची नाही. त्यानं वतन म्हणून काय खाल्लं आणि वतनानं त्याला किती खाल्लं, ह्याचा हिशेब १९५८ साली कायद्यानं वतन गेलं तेव्हाही कुणी केला नाही. आणि त्याची पणती वाड्यातल्या मालकाच्या शापासाठी डोळ्यांत पाणी आणते.

तिला मी बोल लावत नाही. तिचं वय स्वप्नाचं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, त्यात आपल्यासाठी कुणी दोनशे वर्षं वाट बघत बसलंय ही कल्पना गोड लागणारच. मी बोल लावतो तो ही कल्पना ज्यानं रचली त्याला. त्यानं तिच्या हातात आरसा दिला आणि त्यात तिला वाड्याच्या खिडकीत उभी केली. ती उभी होती ती वाड्याच्या मागच्या दारात, पातेलं घेऊन.

आता कुणी म्हणेल, तुला ह्यातलं काय कळतं? कळतं. मी मढला मढं व्हायला जातो. रोजंदारीवर.

मालाड स्टेशनहून २७१ नंबरची बस धरायची. मार्वे रस्ता, आक्सा, एरंगळ करत ती मढच्या जेटीपर्यंत जाते. एका बाजूला कोळीवाडा, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, जाळी दुरुस्त करणारे म्हातारे. दुसऱ्या बाजूला उंच भिंतींचे बंगले. शेवटाला पोर्तुगिजांनी बांधलेला किल्ला. १७३९ साली मराठ्यांनी घेतला, पुढं इंग्रजांनी. आता हवाई दलाच्या ताब्यात. बंगल्यांत मालक क्वचित राहतात. भाड्यानं जातात शूटिंगला. प्रेमाची सीरियल, गुन्ह्याची सीरियल, भुताची सीरियल. एकच जिना, एकच झुंबर. सोमवारी सासू उतरते, गुरुवारी हडळ. एकेकाळी ह्याच मढ-एरंगळ-भाटीच्या पट्ट्यात समुद्रकाठाला भलेमोठे स्टुडिओ उठले होते. बेकायदा ठरले आणि २०२३ साली महापालिकेनं पाडले. आमची झोपडी पाडायची तर नोटीस संध्याकाळी आणि बुलडोझर सकाळी, स्टुडिओला मात्र वर्षं मिळाली. असो, तो वेगळा लेख.

तर एका रात्री मी आणि आणखी तीस जण गावकरी होतो. गावकरी म्हणजे धोतर, बंडी, तोंडाला काळं. माझ्या तोंडाला काळं लावायची गरज पडली नाही. को-ऑर्डिनेटर आम्हाला रांगेत उभं करून बोटानं वेचत होता. "तू गावकरी. तू गावकरी. तू जरा उजळ आहेस, तू दिवाणजी." हीरो व्हँपायर. त्याला तासभर पावडर लावली, कारण व्हँपायर गोरा पाहिजे. आम्ही अंगणात मरून पडायचं, तो आमच्यातून चालत हीरोइनकडं जाणार. क्रेनवर कॅमेरा. साखरेच्या पाकात लाल रंग कालवलेलं रक्त आमच्या मानेवर ओतलं. पहाटे तीनपर्यंत पडून होतो. पाकाला मुंग्या लागल्या. वरून मढचे डास. हललं की ओरडा, "ए, मेलेला हलतोय!" खोटं रक्त मुंग्या पीत होत्या आणि खरं रक्त डास. हीरोचा डायलॉग होता, मी एकटा आहे. आम्ही तीस जण त्याच्या पायाशी पडलेले, आणि तो एकटा!

पैसे नव्वद दिवसांनी मिळतील असं सांगितलं. नव्वदाचे दीडशे झाले. ज्यानं थकवले त्याचं नाव घेत नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सोवळे ठरतात.

तेव्हा मी ह्या व्हँपायरच्या मागं लागलो. कुठून आला, कुणी आणला. आणि गंमत पाहा, हा मुळात सरदार नव्हताच.

१७२५ साली सर्बियातल्या एका खेड्यात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. गावात पाठोपाठ माणसं मरायला लागली. लोक म्हणाले, हाच येतो. कबर उकरली, छातीत खुंटा ठोकला, प्रेत जाळलं. तिथं हजर असलेल्या ऑस्ट्रियन अंमलदारानं वर अहवाल पाठवला आणि तो युरोपभर गाजला. म्हणजे कागदावर ज्याची नोंद झाली तो व्हँपायर कुणबी होता. फुगलेला, लालबुंद, मातीनं माखलेला. त्याच्यावर कुणी कविता केली नसती.

मग त्याला कोट चढवला कुणी? एका नोकरानं. लॉर्ड बायरन हा इंग्रज उमराव आणि कवी. त्याचा पगारी डॉक्टर पोलिडोरी. १८१६ साली जिनिव्हाच्या तळ्याकाठी मालकाबरोबर राहिला, मालकाचे टोमणे खाल्ले, आणि नंतर एक गोष्ट लिहिली. तीत रक्त पिणारा लॉर्ड आहे. देखणा, थंड, बायकांना नादी लावून संपवणारा. डोळ्यांसमोर मालकच होता, हे उघड आहे. १८१९ साली गोष्ट मासिकात छापून आली. आणि नाव कुणाचं छापलं? बायरनचं! नोकरानं मालकाचे दात दाखवले, आणि गोष्टच मालकाच्या नावावर चढली. आपल्यातल्या किती शाहिरांची कवनं, किती बायांच्या ओव्या अशा दुसऱ्यांच्या नावावर चढल्या, ते तुम्हीच मोजा.

पण त्या गोष्टीत निदान राग होता. लॉर्ड हा लॉर्ड होता आणि रक्तपिपासूही होता. १८६७ साली मार्क्सनं भांडवलाला व्हँपायर म्हटलं ते ह्याच रागानं. मेलेली मेहनत जिवंत मेहनतीला शोषून जगते, असा त्याचा हिशेब. १८९७ साली ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला आला. तो घाबरवायला लिहिलेला आहे, प्रेमात पाडायला नव्हे. त्यात एक जागा आहे. रोमान्सवाले तिच्यावरून पान उलटून जातात. काउंट एका खेडुताचं मूल पोत्यात घालून आणतो. त्या मुलाची आई वाड्याच्या दाराशी येऊन ऊर बडवते, माझं मूल दे म्हणते. काउंट वरून लांडग्यांना हाळी देतो. लांडगे येतात. बाई संपते. मोजक्या ओळी. तिला नाव नाही. पुढं सबंध पुस्तकात तिची आठवण कुणाला होत नाही.

मला ती बाई दिसते. तिचं लुगडं दिसतं. पाटलाच्या वाड्यासमोर पोराचं प्रेत मागणारी बाई आपण पेपरात वाचलेली आहे, नाही का?

त्या बाईवर कादंबरी कुणी लिहिली नाही. काउंटवर मात्र दुकानं उघडली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याचे दात तेच राहिले, डोळे तेवढे पाणावले. १९७६ साली अ‍ॅन राइसबाईंची 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' आली. ऐतिहासिक, गॉथिक, सगळी लेबलं चिकटतील अशी. लिहिणारी हाताची पक्की, ते मी नाकारत नाही. तिचा नायक लुई. अमेरिकेतल्या लुइझियानातला मळेवाला. साल १७९१. निळीचा मळा, आणि मळ्यावर गुलाम. आफ्रिकेतून धरून आणलेले, बाजारात विकत घेतलेले. लुई व्हँपायर होतो आणि रडतो. आपण पापी झालो म्हणून पानंच्या पानं रडतो. अहो पण तुम्ही त्याच्या आधी काय होता? दिवसा माणसांच्या पाठीची सालं निघेतो निळ काढून घेत होता, त्याला तुमच्याकडं शेती म्हणत. रात्री दात लावले तेव्हा पाप झालं?

हा मालक माणूस उरलेला नाही, हे मळ्यावर सगळ्यात आधी कुणाला कळतं? गुलामांना. कळणारच. मालकाचा मूड ओळखण्यावर ज्याचा जीव अवलंबून त्याला मालकाचे दात आधी दिसतात. आणि कादंबरीत त्या ओळखणाऱ्यांना संपवलं जातं. मळा जळतो, नायक न्यू ऑर्लिन्सला जातो, पुढं पॅरिसला. वाचक त्याच्या मागोमाग. गुलाम मागं राखेत. १९९४ साली सिनेमा निघाला, जगभर चालला, पोरी नायकावर फिदा झाल्या.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या गुलामांचं तुला काय पडलंय? जोतीरावांना विचारा. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून त्यांनी ती अर्पण कुणाला केली? गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव कुठून घेतलं? लुइझियानाचा मळा आणि आपल्या गावचा महारवाडा, मधे समुद्र आहे एवढंच.

आणि तिकडच्यांनी नुसती तक्रार केली नाही, उत्तर दिलं. १८१९ सालीच, पोलिडोरीची गोष्ट आली त्याच वर्षी, न्यूयॉर्कात एक छोटं पुस्तक निघालं होतं 'ब्लॅक व्हँपायर' नावाचं. मालकानं मारलेला गुलाम पोरगा व्हँपायर होऊन परततो आणि मालकाच्याच विधवेशी लग्न लावतो. लिहिलं थट्टेनं, पण भीती खरी होती. हैतीतल्या गुलामांनी मालकांना हाकलून राज्य घेतलं त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. १९९१ साली ज्युएल गोमेझ ह्या काळ्या बाईनं 'गिल्डा स्टोरीज' लिहिली. तिची नायिका गुलामीतून पळालेली पोरगी आहे. ती रक्त घेते, पण मारत नाही. घेतलं की त्या बदल्यात झोपलेल्याच्या मनात काहीतरी ठेवून जाते, त्याला हवं असलेलं एखादं स्वप्न. फुकट घ्यायचं नाही, हा तिचा कायदा. वेठबिगार ज्यानं भोगली त्यालाच असला कायदा सुचणार. २०२५ साली रायन कूगलरचा 'सिनर्स' आला. १९३२ सालचं मिसिसिपी, काळ्या लोकांचा गाण्या-नाचण्याचा अड्डा, बाहेर गोरा व्हँपायर उभा. त्याला नुसतं रक्त नकोय, त्या पोराचं गाणं हवंय. मी थेटरात हसलो. शेजारचा बघायला लागला. मी म्हटलं, आमच्याकडं तमाशाचं हेच झालं बाबा. ढोलकी आमची, फड आमचा, आणि लावणीची अभिरुचीसंपन्न मैफल त्यांची.

इकडं आपल्याकडं काय चाललंय? आपल्याकडं तर उलटाच न्याय. युरोपातला रक्तपिपासू निदान सरदार तरी असतो. आपल्या हिंदी सिनेमात सरदार हा बिचारा असतो! रामसे बंधूंचे सिनेमे आठवा. 'पुराना मंदिर', १९८४. राजा चांगला, राजाची लेक चांगली, राक्षस सामरी. काळा, अक्राळविक्राळ. राजा त्याचं मुंडकं उडवतो, तो शाप देतो, आणि दोनशे वर्षं राजाच्या घराण्याची चिंता आपण करायची. 'बंद दरवाजा', १९९०. तो तर सरळ ड्रॅक्युलाच. पण इथं तो डोंगरात राहतो आणि ठाकूर हवेलीत. ठाकुराच्या घरात संकट आणते कोण? मोलकरीण. म्हणजे दात डोंगरातल्याचे आणि हवेली निष्पाप. असा इतिहास शाळेतही शिकवतात म्हणा.

मराठीत नारायण धारपांनी व्हँपायर आणला. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतलेली. धारप मी रात्र रात्र जागून वाचलेत, त्यांची भीती अस्सल उतरते. पण ती मध्यमवर्गीय घराची भीती आहे. दार लावलेल्या घरात बाहेरचा शिरेल ही. ज्याच्या घराला दारच नाही त्याची भीती वेगळी असते.

आणि आपली भुतं! मेल्यावर तरी जात सुटेल असं वाटत असेल तर ती आशा सोडा. मुंजा म्हणजे मुंज झालेला ब्राह्मणाचा पोरगा, त्याला राहायला पिंपळ. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, त्याचा मान मोठा. खवीस मुसलमानाचा, तो दांडगा आणि वाईट. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. जिला दवाखाना मिळाला नाही तिला लोकांनी चेटूक दिलं. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याला गारद्यांनी कापला. तेव्हापासून तो ओरडत धावतो, काकांना हाका मारतो, असं सांगतात. वाडा १८२८ साली जळाला तरी हाक थांबली नाही. रात्री लोक ऐकायला जातात. जाऊ देत. पोरगा कापला गेला हे वाईटच. पण त्याच पेशवाईत गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून आमची माणसं पुण्याच्या रस्त्यानं चालली. त्यातल्या एकाचंही भूत कसं नाही? एकाची हाक रात्री ऐकू येत नाही? भूत व्हायलासुद्धा वाडा लागतो काय?

गॉथिक म्हणजे काय, तर भिंतीत काहीतरी गाडलेलं असतं आणि ते बाहेर येतं. मग पुरंदरला चला. शेंदऱ्या बुरूज बांधताना सारखा ढासळायचा. नरबळी दे असा दृष्टांत झाला. तेव्हा बहिरनाक नावाच्या महारानं आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई दिली, त्यांना पायात जिवंत गाडलं, मग बुरूज उभा राहिला, असं परंपरेनं सांगतात. दंतकथा म्हणा हवं तर. पण सांगणाऱ्यांनी पायात गाडायला माणसं कुठली निवडली, ते बघा. नवरा-बायको. कदाचित नवी नवरी असेल, हळद उतरली नसेल. अंधारात दगड वर वर येताना ती दोघं एकमेकांना काय म्हणाली असतील? ऐतिहासिक, गॉथिक, रक्त, प्रेम. चारही लेबलं आहेत की नाहीत? मग ऐतिहासिक कादंबरीच्या कारखान्यांतून ह्या दोघांवर एकही जाडजूड कादंबरी सोनेरी अक्षरांत का निघाली नाही? किल्ल्यावर निघतात. बुरुजावर निघतात. पायावर निघत नाहीत.

प्रेमाचंच म्हणाल तर रक्त प्रेमात सांडतं हे आम्हाला कादंबरीवाल्यांनी शिकवायला नको. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या आमच्या पोराला मारून टाकला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो असा संशय. २०१७ साली सत्र न्यायालयातून सगळे आरोपी सुटले. साक्षीदार उलटले होते. गाव जेव्हा गप्प बसतं तेव्हा जी शांतता होते ती कुठल्या गॉथिक वाड्यात आहे? त्या पोराच्या वाटच्या प्रेमाला दोनशे वर्षं नव्हती, दोनशे दिवसही नव्हते. निषिद्ध प्रेमाची कादंबरी लिहायची तर नायक इथं आहे. पण तो गोरापान नाही आणि त्याला वाडा नाही.

आता थोडं आपल्याच माणसांशी भांडतो. हा विषय काढला तेव्हा आपल्यातलेच दोघेतिघे म्हणाले, भुताखेतांच्या गोष्टी आपण कशाला लिहायच्या? बाबासाहेबांनी १९५६ साली धम्म दिला तो ह्यातून बाहेर काढायला. आपलं साहित्य वास्तवाचं. बरोबर. मलाही कुठल्या भुताला नारळ फोडायचा नाही. अंगात येणाऱ्यांना मी ओट्यावरून उठवलेलं आहे. पण भूत मानणं वेगळं आणि भुताची गोष्ट सांगणं वेगळं. पिळवणूक दाखवायला वास्तव पुरं पडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' पुन्हा वाचावी.

भीमा हा वारणाकाठचा गडी. पोट भरायला मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीवर लागतो. खाण बंद पडते. उपाशी. एका रात्री चितेच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि तो मढी उकरायला लागतो. प्रेताच्या तोंडातलं, कानातलं सोनं काढायचं, विकायचं, बायकोपोरीला खायला घालायचं. एका पावसाळी रात्री ताज्या प्रेतासाठी तो कोल्ह्यांशी झुंजतो. अंगाच्या चिंध्या होतात. आणि शेवटी तोंडात बोटं घातल्यावर त्या मढ्याचा जबडा मिटतो. मेलेला जित्याला चावतो! बोटं जातात. आणि इकडं बंद पडलेली खाण सुरू होते. आता बोटंच नाहीत, तर दगड फोडायचा कशानं?

सांगा, कुठल्या काउंटच्या दातात एवढी ताकद आहे? मेलेल्याच्या तोंडात सोनं आणि जिवंताच्या पोटात आग, ह्या एका गणितावर सबंध गोष्ट उभी आहे. मार्क्सनं जे हिशेबानं सांगितलं ते अण्णाभाऊंनी जबड्यानं. त्यात भूत कुठंच नाही आणि भीती तर हाडात शिरते. आपलं गॉथिक मुंबईच्या ह्याच उपनगरात, खाणीच्या कडेला, जन्मलेलं आहे. आपण ते वास्तववाद म्हणून फायलीत लावून टाकलं.

आणि दुसरं एक आपलं आहे, तेही सांगतो. वेताळ. रिचर्ड बर्टन नावाच्या साहेबानं वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, १८७० साली, आणि नाव दिलं विक्रम आणि व्हँपायर. साहेबाला दुसरा शब्द सुचला नाही. पण वेताळ रक्त कुठं पितो? तो मसणात उलटा लटकतो. ज्या मसणात राबायचं काम आमचं. राजा त्याला खांद्यावर घेतो, आणि तो राजाच्या पाठीवर बसून राजाला प्रश्न विचारतो. ह्यात दोषी कोण? ह्यात न्याय काय? माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. राजानं उत्तर दिलं की पुन्हा झाडावर. पुन्हा राजा, पुन्हा पाठ, पुन्हा प्रश्न. युरोपातला व्हँपायर सरदार होऊन रयतेच्या मानेवर बसतो. आपला मसणातून निघून राजाच्या मानगुटीवर बसतो. कोकणात, गोव्यात त्याला देव करून ठेवला, शेंदूर फासला. शेंदूर फासला की प्रश्न बंद होतात. तो शेंदूर खरवडायचं काम आपलं आहे.

म्हणून मी एक कादंबरी लिहायला घेतली आहे. मढचाच बंगला, भुताच्या सीरियलचं शूटिंग, अंगणात तीस मढी. पहाटे तीन वाजता डायरेक्टर कट म्हणतो आणि तीसांतला एक उठत नाही. बाकीचे एकोणतीस त्याला खांद्यावर घेऊन बंगल्याचा जिना चढायला लागतात, आणि तो खांद्यावरून एकेक प्रश्न विचारायला लागतो. पहिल्या पानावर तीस जणांची नावं लिहिली आहेत, बापाच्या नावासकट, कोण कुठल्या गावचा, कुठल्या खोलीत राहतो, कुणाचे किती दिवसांचे पैसे अडकलेत.

भाचीला अकरा पानं वाचायला दिली. तिनं सगळी वाचली. म्हणाली, "मामा, नावं बरीय. पण ह्यात प्रेम कुठाय?"

बारावं पान लिहितो आहे. यादीतली एक मेकअपवाल्याच्या हाताखालची पोरगी आहे, ती गावकऱ्यांच्या मानेवरचं पाकाचं रक्त पुसायला ओला नॅपकीन घेऊन येते. सोळाव्या नंबरच्या मढ्यापाशी तिला जरा जास्त वेळ लागतो.